मधूनच विचार

जरा डोळे मिट बघू. चोरून बघायचं नाही हं.

आता डोळ्यांपुढे जमिनीची एक पट्टी आण. लांबच लांब, रुंदीला जेमतेम, दोरी लावून आखल्यासारखी सरळ. तिच्यावर गवत नाही, दगड नाही. पायांनी तुडवून तुडवून घोटलेली गुळगुळीत जमीन. पट्टीच्या या टोकाला दोन खांबांमध्ये एक लाकडी चाक बसव. चाकाला मूठ दे, पुढे लोखंडी आकडे दे. मुठीपाशी एक मुलगी उभी कर. तुझ्याच वयाची, तुझ्यापेक्षा थोडी वाळकी, पण उजवा दंड डाव्यापेक्षा जाड. तिच्यासमोर एक माणूस. त्याच्या कमरेला वाखाचा झुपका गुंडाळलेला आहे. वाख म्हणजे पानांतून सोलून काढलेला लांब, चिवट धागा. मुलगी चाक फिरवते, माणूस झुपक्यातून वाख सोडत एकेक पाऊल मागे सरकतो, आणि दोघांच्या मधे पीळ खात खात एक पेड लांबत जातो. असे तीन पेड एकत्र करून उलटे पिळले की झाला दोर.

दिसलं? त्या माणसाकडे नीट बघून ठेव. तो जन्मभर असा उलटा चालत आला. सोडून आलेलं सगळं त्याच्या डोळ्यांपुढे असायचं, आणि जिकडे चाललाय तिकडे त्याची पाठ.

आता डोळे उघड आणि कान दे, कारण ती मुलगी काहीतरी म्हणते आहे.

"पाण्याची वाफ होते," चाकाचा एक फेरा. "वाफ वर जाते," दुसरा फेरा. "वर थंडी असते," तिसरा. "थंडीने वाफेचे ढग होतात..."

शाळेची वेळ सोडली तर दिवसभर हे असं चालायचं. पाणी संपलं की पाढे, पाढे संपले की हाडांची नावं, हाडं संपली की पुन्हा पाणी. रस्त्याने जाणारे हसायचे. गावाने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. घरातही तेच पडलं.

थोडं पलीकडे, भिंतीच्या सावलीत, तिची आई खिळ्यांच्या फणीवर वाख विंचरत बसायची. टिटवीचा आवाज थांबला की तिची मान वर व्हायची.

"काय गं, पुढे?"

"आठवते."

"चाक थांबवू नकोस. चाक थांबलं की डोकं थांबतं."

हे तिनेच काढलं होतं. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण पोरीने शिकावं हे तिच्या मनाने घेतलं होतं. मोठ्या गावी एक शाळा होती. तिथे मुली राहायच्या, जेवायच्या, शिकायच्या. तिथले साहेब वर्षातून एकदा गावोगाव फिरून मुली निवडत. गावातल्या शाळेच्या बाई म्हणाल्या होत्या, "हुशार आहे हो तुमची. फक्त अभ्यासाला वळण लागलं पाहिजे."

वळण! दोरवाल्याच्या बायकोला वळण शिकवायचं? तिने त्याच दिवशी टिटवीला चाकापाशी उभं केलं. हाताला काम, तोंडाला अभ्यास. एका फेऱ्याला एक ओळ. ओळीमागून ओळ पीळ घालत गेलं की धडा आपोआप लांबत जातो, तुटत नाही. तिला वाटलं, अभ्यास अभ्यास म्हणतात तो हाच.

आणि नाहीतरी चाक सोडायची सोय नव्हती. पाऊस सलग दोनदा फिरकला नव्हता. विहिरींचं पाणी खाली खाली चाललं होतं, आणि पाणी खाली गेलं की दोर अपुरा पडतो. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "दोर पाहिजे, लांब दोर पाहिजे." सगळ्या गावात कामाला तोटा नाही असं घर एकच, दोरवाल्याचं.

त्यावरूनही टोमणे होतेच. हंडा घेऊन चाललेली एखादी बाई पट्टीपाशी थांबायची. "काय दोरवाले, आभाळाकडे बघून काय मागता? नको नको म्हणत असाल."

"तुमच्या घशाला कोरड आणि आमच्या हाताला फोड. सारखंच आहे, वहिनी," तो म्हणायचा. पण उलटा चालता चालता त्याची मान खाली जायची.

साहेब आले तेव्हा टिटवी घासूनपुसून तयार होती. आई शाळेच्या खिडकीबाहेर उभी राहिली. आत साहेब खुर्चीत, समोर टेबल, टेबलापलीकडे एकेक मूल. मागे बाकीचा वर्ग.

"सात आठे किती?" साहेबांनी विचारलं.

"सात एके सात," टिटवीने सुरुवात केली. "सात दुणे चौदा, सात त्रिक..."

"पाढा नको. सात आठे."

"सात एके सात, सात दुणे..."

साहेब टेबलावरून थोडे वाकले. "हे खाली काय चाललंय? हात वर घे."

टेबलाखाली तिचा उजवा हात गोल गोल फिरत होता. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. नुसते ठेवले, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

"हं. आता सांग."

टिटवी आपल्याच हातांकडे बघत राहिली.

"बरं, ते राहू दे. तुमच्या गावच्या विहिरींचं पाणी खाली का गेलं?"

हे तर पाण्याचंच! खिडकीबाहेर आईचे ओठ हलले. टिटवी म्हणाली, "पाण्याची वाफ होते..." तिचा हात उचलला गेला, साहेबांकडे बघून पुन्हा खाली बसला, आणि हाताबरोबर ओळही बसली.

मागून कोणीतरी ओरडलं, "टिटवे, चाक आणू का गं?"

वर्ग हसला. बाईंनी डोळे वटारले, पण तोवर साहेबही हसले होते. "पोपट आहे," ते बाईंना म्हणाले. "बरा पोपट आहे, पण पोपटच." मग कागद गोळा करता करता म्हणाले, "काही जागा उरल्या तर पुढच्या महिन्यात आणखी एक फेरी करीन. तोवर हिला बोलायचं कमी आणि विचार करायचं थोडं शिकवा."

घरी येताना टिटवी आईच्या पुढे पुढे चालत राहिली. मग म्हणाली, "आई, मला सगळं येत होतं."

"माहीत आहे."

"मग गेलं कुठे?"

आईने पदराने तिचं नाक पुसलं. तिच्या बोटांना वाखाने चिरा पडल्या होत्या. पोरीच्या गालाला ती बोटं खरखरीत लागली असणार, पण टिटवीने तोंड फिरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई एकटीच शाळेत गेली. बाई दारातल्या पिंपाशी खडूने माखलेले हात धूत होत्या. वाटीभर पाण्यात दोन्ही हात, आणि ते पाणी पुन्हा झाडाला.

"बाई, माझं चुकलं काय? एक दिवस खाडा होऊ दिला नाही."

"ते चांगलंच केलंत. पण दोर वळायला शिकवलंत, उकलायला कुठे शिकवलंत? टोक हातात असलं तरच तिला पुढचं येतं. मधे धरलं की गेली."

"मग काय करू?"

"पुस्तक मिटून ठेवा आणि मधूनच विचारा. शेवटून विचारा. कालचं विचारा, परवाचं विचारा. नवा धडा त्यानंतर. अडली तर अडू द्या. लगेच तोंडात घालू नका. अडण्यातच अभ्यास असतो हो. आणि चाकापाशी नको. एक जागा ठरवा, वेळ ठरवा. अर्धाच तास, पण रोजचा."

"पण मला वाचता येत नाही."

"विचारायला कशाला वाचता यायला पाहिजे? ती जे सांगेल त्यावर 'का' म्हणा."

"का?"

बाई हसल्या. "हं. अस्संच."

अर्धा तास. ऐकायला किती छोटं! पण दोरवाल्याच्या घरात अर्धा तास कुठून काढायचा? जेवताना तिने विषय काढला.

"चाक कोण फिरवेल?" नवऱ्याने विचारलं.

"मी."

"आणि वाख कोण विंचरेल?"

"तोही मी."

"हात दोन आहेत तुला."

"दोनच आहेत म्हणून तर अर्धाच तास मागतेय."

तो जेवत राहिला. त्याच्या कमरेभोवती वाख घासून घासून काळा पट्टा पडला होता, तो उघड्या अंगावर दिसत होता. "लोकांना प्यायला पाणी नाही," तो म्हणाला, "आणि तुझ्या लेकीला पुस्तकं सुचतायत."

"माझ्या एकटीची आहे का?"

टिटवी ताटाकडे बघत होती. बापाने एकदा तिच्याकडे पाहिलं. त्याची ती नजर वाईट नव्हती हो, दमलेली होती. "बरं," तो म्हणाला. "पण नवा वाख मिळेनासा झालाय. माळ्यावरचा जुना काढ. तो विंचरून ठेव."

"तो गळक्या कोपऱ्यातला? कुबट झालाय तो. काळा पडलाय."

"गुरांची दावी वळू. गुराला काय कळतंय?"

अभ्यासाची जागा ठरली मागच्या दारात, पालथ्या घातलेल्या टोपलीवर. वेळ ठरली सकाळची, उन्हं भिंतीवरून उतरायच्या आत.

पहिले काही दिवस आईचा जीव टांगणीला लागला. मागच्या दारातून आवाजच यायचा नाही. अभ्यास म्हणजे आवाज, हे तिच्या कानांत इतकं बसलं होतं की चाक फिरवता फिरवता ती हाक मारायची, "टिटवे, झोपलीस काय गं?"

"अडलेय."

"कुठे?"

"सांगू नकोस ना! बाई काय म्हणाल्यात?"

नंतर टिटवी चाकावर यायची, आई फणीपाशी बसायची आणि विचारायची, "ढगांच्या आधी काय?"

टिटवीने आभाळाकडे पाहिलं.

"मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणू नकोस."

"तुला कसं कळलं?"

"चाक जोरात फिरलं."

टिटवी हसली. मग फेरा तसाच संथ ठेवून म्हणाली, "थंडी. ढगांच्या आधी थंडी."

"का?"

"कारण... थांब." चाकाचे बरेच फेरे झाले. "तू सकाळी पातेल्यावर झाकण ठेवतेस आणि काढलं की त्याच्या आतून पाणी गळतं, तसं."

आईचा फणीवरचा हात थांबला. हे काही त्या धड्यात नव्हतं. धडा तिला पाठ होता, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

"आई, तुला कसे गं सगळे धडे येतात?"

"वर्षभर माझे कान काय गहाण ठेवले होते?"

फक्त साहेबांचा प्रश्न सुटत नव्हता. विहिरीचं पाणी खाली का गेलं? पुस्तकात पाणी वर कसं जातं तेवढंच होतं. मग एक दिवस टिटवी उठली आणि थेट पाणबुड्याकडे गेली.

पाणबुड्या म्हणजे विहिरीत उतरून पडलेल्या बादल्या काढणारा, गाळ उपसणारा. दोन वर्षांत त्याला गुडघाभर पाणी दिसलं नव्हतं, पण नाव तेच राहिलं. तो विहिरीच्या काठावर पाय सोडून बसला होता.

"काका, पाणी खाली का गेलं?"

"रुसलंय. खाली जाऊन बसलंय."

"खरं सांगा ना."

पाणबुड्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग एक काडी घेऊन त्याने मातीत रेघा ओढल्या. ही माती, हा मुरूम, हा खडक, खडकातल्या या भेगा. "वरून पडलेलं झिरपत झिरपत इथे साठतं. आता बघ, वरून भरणारा एक, तो आलाच नाही. खालून उपसणारं अख्खं गाव. मग राहील कसं?"

"म्हणजे ते आजचं पाणीच नव्हतं? आपण मागचं पीत होतो?"

"मागचं. तुझ्या आजोबांच्या वेळचंसुद्धा असेल." तो काडी टाकून हसला. "एवढं तर मला सरपंचानेसुद्धा कधी विचारलं नाही."

ती पळत घरी आली आणि आईला तसंच्या तसं मातीत काढून दाखवलं. बोलताना तिचे दोन्ही हात चालत होते, पण गोल फिरत नव्हते. आईने वरून सगळं पाहिलं आणि त्या रेघांवर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेली.

गावाच्या मोठ्या विहिरीचा दोर वळायला घेतला त्या सकाळी चाकावर आईच होती. नवरा समोर उलट्या पावलांनी मागे मागे चालला होता. तिसरा पेड चालू होता. आकड्यापाशी पीळ खाणाऱ्या पेडाकडे तिची नजर गेली. वरून पांढरा, पण पीळ बसता बसता क्षणभर उघडला की आत काळं. नाकाला तो कुबट वास आला.

तिने मान वर केली. नवरा तिच्याकडेच बघत होता. त्याचं तोंड नेहमी चाकाकडेच असायचं.

"काय?" तो म्हणाला.

"हा गावच्या विहिरीचा दोर आहे ना?"

"मग?"

मागच्या दारातून टिटवीचा आवाज येत होता. ती स्वतःलाच प्रश्न विचारत होती आणि स्वतःच अडत होती. "नाही, नाही, तसं नाही. थांब."

"फिरव," नवरा हळूच म्हणाला. "मधे घातलाय, बाहेरून चांगला आहे. झाकली मूठ असू दे. अर्धा तास तूच मागितलास ना?"

तिने मूठ घट्ट धरली आणि चाक फिरवलं.

साहेबांची दुसरी फेरी दोन दिवसांवर आली होती तेव्हा ते झालं. पट्टीवर काम चालू असताना विहिरीच्या बाजूने आधी एक आवाज आला, मग खूप आवाज आले, मग बायका पळताना दिसल्या. पाणबुड्या गाळ काढायला उतरला होता. दोर तुटला. खाली पाणी असतं तर भिजला असता एवढंच. खाली दगड होते. टोपलीत घालून वर काढला तेव्हा त्याचा एक पाय भलतीकडेच वळला होता, आणि तो ओरडत नव्हता, नुसता दात खात होता.

संध्याकाळच्या आधीच लोक पट्टीवर आले. पाणबुड्याच्या भावाने तुटलेलं टोक दोरवाल्याच्या पायांपुढे टाकलं.

"हा तुझा दोर."

दोरवाला खाली बसला. टोक हातात घेऊन तो बघत राहिला, उलटंसुलटं करत राहिला. त्याची बोटं एका जागी थांबली आणि तिथून पुढे सरकली. आईने ते पाहिलं.

"पीळ ढिला पडलाय," तो शेवटी म्हणाला.

"ढिला? आणि तुझ्या हातून?"

"चाकावर लेकरू असतं. त्याचं लक्ष अभ्यासात." तो कोणाकडेच बघत नव्हता. "हिच्या आईला साहेबीण करायचीय तिला. मी किती सांगितलं."

सगळ्या माना टिटवीकडे वळल्या. ती चाकाला पाठ लावून उभी होती.

"बघा!" कोणीतरी बाई म्हणाली. "इकडे माणसाचा पाय गेला आणि ही पाढे म्हणतेय."

"आधीच दुष्काळ, त्यात हा तेरावा महिना."

टिटवीने आईकडे पाहिलं. पाहतच राहिली. त्या सकाळी चाकावर कोण होतं हे दोघींना माहीत होतं. एवढंच म्हणायचं होतं, की पोर नव्हती, मी होते. चार शब्द. पण त्या चार शब्दांचं टोक ओढलं की मागून सगळाच दोर आला असता. पीळ ढिला नव्हता तर मग काय होतं, हे लोकांनी विचारलं असतं. आईने पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, ती रडते आहे.

पाणबुड्याचा भाऊ टिटवीसमोर जाऊन उभा राहिला. मारतो की काय असं वाटलं. पण तो एवढंच म्हणाला, "त्याने तुला मातीत चित्र काढून दाखवलं होतं. घरी येऊन सांगत होता." आणि गेला. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

लोक पांगल्यावर दोरवाला कमरेचा वाख सोडत म्हणाला, "उद्यापासून पुस्तक बंद. साहेब येतील आणि जातील. दिवसभर चाकावर. लोकांनी बघू दे."

दुसऱ्या दिवशी टिटवी दिवसभर चाकावर उभी राहिली. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. टिटवी गप्प आहे हे त्यांना पटत होतं. तसंच असायला पाहिजे होतं.

दुपारी बाप जरा आडवा झाला तेव्हा आईला ती दिसेना. मागच्या दारात गेली तर टिटवी त्या पालथ्या टोपलीवर बसली होती. मांडीत दोराचं तुटलेलं टोक. तिने तीन पेड सुटे केले होते, आणि एकेका पेडाचा पीळ उलटा फिरवून धागा धागा वेगळा मांडला होता. एका बाजूला पांढरे लांब धागे. दुसऱ्या बाजूला काळे, आखूड. त्यातला एक तिने दोन बोटांत धरून ओढला. आवाजसुद्धा झाला नाही.

"आई," ती वर न बघता म्हणाली, "मधूनच विचारते हं."

आई दाराची चौकट धरून उभी राहिली.

"पीळ चांगला आहे. हे बघ, हे दोन पेड उकलायला माझी नखं दुखली. तिसरा मात्र वरून पांढरा आहे आणि आतून काळा. का?"

"वाख कधी कधी तसा..."

"का?"

आईने मागे वळून आत पाहिलं.

टिटवीने आता मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. बाईंनी सांगितलेलं ती अगदी तसंच्या तसं करत होती. "अडलीस तर अडू दे," ती म्हणाली. "मी सांगत नाही. मी थांबते."

ती थांबली. माशा घोंघावत होत्या. आत बापाने कूस बदलली. आईला उत्तर येत होतं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत येत होतं. अर्धा तास मागितला, तिथून सुरू होत होतं ते. ती चौकट धरून तशीच उभी राहिली, आणि मग म्हणाली, "ऊन आलंय. आत ये."

टिटवीने काळे धागे गोळा केले, त्यांना एक गाठ मारली आणि मुठीत घेतले.

साहेब यायचे त्या सकाळी दोरवाला नेहमीसारखा उठला, कमरेला वाख गुंडाळून पट्टीवर आला. टिटवी चाकापाशीच होती, पण तिच्या खांद्याला दप्तर होतं.

"हे काय?"

टिटवी त्याच्यापाशी गेली. त्याच्या कमरेच्या झुपक्यात तिने हात घातला, वरचा पांढरा वाख बाजूला केला आणि आतून एक काळा धागा उपसून काढला. तो तिने त्याच्या डोळ्यांपुढे धरला. मग तो त्याच्या हातात दिला, अंगणात पडलेलं एखाद्याचं काही आणून द्यावं तसा.

बाप धाग्याकडे बघत राहिला. त्याचा हात उचलला गेला. आईला वाटलं, आता बसतेय. पण हात कमरेवरच येऊन थांबला. "कुऱ्हाडीचा दांडा," तो पुटपुटला. "गोतास काळ."

टिटवी निघाली.

आई चाकापाशी गेली. कोणीतरी फिरवायला हवंच होतं. तिने मूठ धरली. नवऱ्याने आकड्याला वाख अडकवला आणि तो मागे मागे सरकू लागला. त्याच्या पाठीमागे, पट्टीच्या टोकापासून शाळेचा रस्ता सुरू होत होता. त्या रस्त्यावरची टिटवी फक्त आईला दिसत होती.

"गेली का शाळेत?" नवऱ्याने विचारलं. त्याला मान वळवून बघता आलं असतं. त्याने बघितलं नाही.

"जातेय."

शाळेपुढे साहेबांची गाडी उभी होती. घंटा झाली. मुलं पळायला लागली. टिटवी पळत नव्हती. तिची उजवी मूठ मिटलेली होती. रस्ता सरळ शाळेत जात होता. मधेच डाव्या हाताला एक बोळ फुटायचा, तिथे पाणबुड्याचं घर. तो पडल्यापासून दारात त्याचा भाऊ बसलेला असायचा, कोणी येतंय का ते बघत.

बोळाच्या तोंडाशी टिटवी थांबली. आईच्या हातातलं चाक थांबलं.

"फिरव की," नवरा म्हणाला. "पेड जाईल."

घंटा दुसऱ्यांदा झाली. टिटवीने एकदा शाळेकडे पाहिलं, साहेबांच्या गाडीकडे पाहिलं. मग मूठ उघडून आतली काळी गाठ आहे ना याची खात्री केली, पुन्हा मिटली, आणि ती डावीकडे वळली.